सगळं मुलीनंच केलंय

"कुणी विचारलं तर काय म्हणायचं?" तोंडात दोन पिना धरून आईनं विचारलं. ती माझ्या निऱ्या बसवत होती आणि मी खांबासारखी उभी होते.

"मीच केलंय म्हणायचं."

"काय काय?"

"पोहे, दाण्याची बर्फी आणि ती बिस्किटं. आई, मला पोहे किती भिजवायचे तेसुद्धा माहीत नाही गं. उद्या त्यांनी करायला सांगितले तर?"

"उद्याचं उद्या बघू. आज गप बसायचं." तिनं पिन टोचली, ती नेमकी माझ्या पोटाला लागली. "सगळ्याच मुली असं सांगतात. मीसुद्धा सांगितलं होतं. समोरच्यांना कळत नाही का? कळतं. तरी म्हणायचं असतं."

तरी म्हणायचं असतं! ह्या एका वाक्यावर आमच्याकडची निम्मी लग्नं उभी आहेत. मुलगी बघायला माणसं येणार, ताटल्या पुढं सरकणार, आणि मुलीचा बाप खाकरून म्हणणार, सगळं मुलीनंच केलंय हं. मग मुलाची आई म्हणणार, वा, हाताला चव आहे. मी तेव्हा फलटणच्या एका ज्युनियर कॉलेजात पोरांना भौतिकशास्त्र शिकवत होते. माझ्या हाताला खडू होता. चव होती ती माझ्या धाकट्या भावाच्या, संग्रामच्या हाताला. पण ते म्हणायचं नसतं.

पदर सावरत मी स्वयंपाकघरात गेले. संग्राम ओव्हनच्या काचेला नाक लावून बसला होता. अंगात बनियन, खांद्यावर पंचा, कानाच्या पाळीला पीठ. तो ओव्हन आईला महिला मंडळाच्या हळदीकुंकवात सोडतीत लागला होता. तेव्हापासून तो प्लॅस्टिकच्या कव्हरात, कपाटावर, देवासारखा बसून होता. इंजिनिअरिंग अर्धवट टाकून संग्राम घरी आला आणि त्यानं तो खाली काढला. तेव्हापासून आमच्या घरात भांडण आणि बिस्किटांचा वास, दोन्ही एकदमच सुरू झालं.

"अक्का, हात लावू नको," तो मागं न बघता म्हणाला. मी ताटातल्या बिस्किटाकडं हात नेला होता. "आत्ताच काढलीत. गरम असताना मऊ असतात, मोडतील. गार झाली की आपोआप खुसखुशीत होतात."

"एक दे की रे. मीच केलीत म्हणून सांगायचंय, निदान चव तरी कळू दे."

तो हसला. तुटलेलं एक बाजूला ठेवलं होतं, ते त्यानं माझ्या हातावर दिलं. चॉकलेट अजून पातळ होतं, जिभेला चटका बसला. पण काय सांगू! भाजलेल्या ओटचा खमंग वास, मागून गुळाची गोडी, आणि मग ते किंचित कडसर चॉकलेट. लोखंडी कढईत ओट भाजताना तो किती वेळ उभा असायचा, मी बघितलं होतं. लोणी आणि गुळाची पावडर फेटताना त्याचा दंड भरून यायचा. आमच्यात अंडं चालत नाही, आम्ही लिंगायत. तर त्या अंड्याच्या जागी काय घालावं म्हणून पठ्ठ्यानं काय काय करून बघितलं, ते त्यालाच ठाऊक. पहिली बिस्किटं दगडासारखी झाली होती, दुसरी शिऱ्यासारखी.

"अप्पा खातील का रे आज?" मी विचारलं.

"पाहुण्यांसमोर नाही म्हणता येणार नाही त्यांना." त्यानं ओव्हन बंद केला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. "अक्का, त्यांनी एक खाल्लं ना, फक्त एक, तर मी रात्री विचारतो. पुण्याच्या बेकरीवाल्यांचा परवाही फोन आला होता. ये म्हणतात, काम शिकवतो म्हणतात. अप्पांनी हो म्हटल्याशिवाय मी नाही जाणार."

"आणि नाहीच म्हणाले तर?"

"खाऊन कसं नाही म्हणतील?"

बघा! एवढा भाबडा. आमचे अप्पा म्हणजे वीज कंपनीच्या ऑफिसातले हेडक्लार्क. मुलाचं नाव संग्राम ठेवलं होतं, आणि संग्राम करतो काय, तर बिस्किटं भाजतो. हे त्यांच्या घशाखाली उतरतच नव्हतं. ओटला ते घोड्याचा खुराक म्हणत. "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातला प्रकार," असं म्हणून ताटली सरकवून देत. इतक्या महिन्यांत त्यांनी एक तुकडा तोंडात घातला नव्हता. बाहेर सांगत, पोरगा पुण्याला असतो, स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. माझ्या परिचयपत्रातसुद्धा तेच छापलं होतं. म्हणजे ज्या पोराच्या हातचं पाहुण्यांना खायला घालायचं, तो पोरगा पुण्यात. आणि ज्या पोरीला गॅस पेटवताना भीती वाटते, ती सुगरण!

"संग्राम," अप्पा दारात येऊन म्हणाले. आत आले नाहीत, ते स्वयंपाकघरात कधीच येत नसत. "ते लोक असेपर्यंत बाहेर यायचं नाही. आवाजसुद्धा नको. समजलं?"

"हो अप्पा."

"तो काय चोर आहे का?" मी म्हणाले.

"तू तोंड उघडू नकोस आज," अप्पा म्हणाले. "बार्शीचे तोडकरी आहेत. असं स्थळ पुन्हा चालून येत नाही."

"अक्का, जाऊ दे," संग्राम म्हणाला. "खाल्लं म्हणजे झालं. नाव कुणाचं का असेना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण बाहेर गाडी थांबली.

तोडकरी आले. मुलगा नीलकंठ, त्याची आई आणि वडील. शरणार्थ-नमस्कार झाले, पाणी झालं, बार्शी ते फलटण रस्ता कसा आहे ते झालं. वडील शांत होते, सोफ्यावर बसल्याबरोबर त्यांनी डोळे अर्धे मिटून घेतले. नीलकंठ दिसायला बरा होता, खोटं कशाला सांगू. कुठं शिकवता, कोणती पुस्तकं, एवढं त्यानं विचारलं आणि मोबाईलकडं बघत बसला. सगळा कारभार आईचा. मोठ्या काठाची साडी, हातात पर्स घट्ट धरलेली, नजर घरभर फिरणारी.

मी पोहे नेले. "सगळं मुलीनंच केलंय हं," अप्पा म्हणाले.

"हो का?" तोडकरीबाई म्हणाल्या. पोहे खाल्ले, काही बोलल्या नाहीत. बर्फीचा तुकडा मोडला, ठेवून दिला. मग त्यांनी बिस्किट उचललं. उलटंसुलटं करून बघितलं, वास घेतला, कोपरा चावला. आणि बाईंचा चेहराच बदलला. त्यांनी ते अख्खं खाल्लं, दुसरं घेतलं, नवऱ्याला कोपर मारून जागं केलं. "अहो, हे बघा खाऊन!"

नवरा खाऊ लागला. नीलकंठनं मोबाईल ठेवला. थोडा वेळ खोलीत नुसता कुरकुर कुरकुर आवाज.

"ही कशाची गं?" बाई म्हणाल्या.

"ओट आणि चॉकलेटची," मी म्हणाले.

"अंडं?"

"छे छे!" अप्पा मध्येच म्हणाले. "आमच्यात अंड्याला शिवत नाही कुणी. शुद्ध शाकाहारी."

"तुम्ही घ्या की साहेब," नीलकंठचे वडील ताटली पुढं करत अप्पांना म्हणाले. "घरचेच उपाशी?"

अप्पांची पंचाईत झाली. नाही म्हणावं तर पाहुण्याचा अपमान. त्यांनी एक बिस्किट उचललं, औषध घेतल्यासारखा छोटा तुकडा तोंडात टाकला. माझं लक्ष पाहुण्यांकडं नव्हतंच. मी अप्पांच्या तोंडाकडं बघत होते. स्वयंपाकघराच्या पडद्याखाली दोन अनवाणी पावलं दिसत होती, ती जराशी पुढं सरकली.

अप्पांनी चावलं. थांबले. पुन्हा चावलं. मग उरलेलं सगळं एकदम तोंडात टाकलं. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, दुसरं घेतलं. तिसरं घेतलं! मिशीला चॉकलेट लागलेलं, ते जिभेनं पुसलं.

"काय चव आहे!" अप्पा म्हणाले. खरंच मनापासून म्हणाले, त्यात खोटं नव्हतं. "काय सांगू तुम्हाला, आमच्या ऊर्मिलेचा हातच तसा आहे. लहानपणापासून. अन्नपूर्णा आहे हो ही."

पडद्याखालची पावलं तिथंच थांबली.

मी म्हणते, खोटं बोला. लग्नाच्या बाजारात सगळेच बोलतात. पण इतके महिने ज्याला घोड्याचा खुराक म्हणून हिणवलं, त्याच्या हातचं तीन-तीन खायचं, मिटक्या मारायच्या, आणि तो चार हातांवर उभा असताना कौतुक माझं करायचं? आपल्याच पोराच्या ताटातलं काढून आपल्याच पोरीच्या ताटात वाढायचं, आणि वर म्हणायचं अन्नपूर्णा? मला त्या शब्दाची शिसारी आली. मी आईकडं बघितलं. आई साडीच्या काठाला चुण्या घालत बसली होती.

"मग सांग की गं," तोडकरीबाई माझ्याकडं सरकल्या. "अंडं नाही, तर मग घातलंस काय? माझ्या जावेनं एकदा केली होती बिनअंड्याची, भिंतीवर फेकली असती तर भिंत फुटली असती."

आता आली का पंचाईत! काय घालतो तो? मला खरंच आठवेना.

"दही," मी म्हणाले.

पडद्यामागं चमचा पडला. चांगला खणकन पडला. अप्पांनी डोळे मोठे केले.

"मांजर असेल," आई घाईनं म्हणाली.

आणि त्या चमच्यानंच मला सुचवलं. मनात म्हटलं, अस्सं! नाव गेलं तर चालतं, कौतुक गेलं तर चालतं, पण दही चालत नाही होय तुला? थांब बेट्या.

"दही कसं?" बाईंनी विचारलं.

"चांगलं आंबट घ्यायचं. वाटीभर," मी म्हणाले. "आणि ओट आदल्या रात्री भिजत घालायचे, साबुदाण्यासारखे. सकाळी फुगले की हातानं मळायचे."

"मळायचे?"

"हो. लगदा होईपर्यंत." पडदा हलत होता. अप्पा घाम पुसत होते. मला आता चेवच चढला. "आणि सोडा सढळ हातानं. चमचा चमचा मोजायचं नाही, मूठ टाकायची. भाजून झाली की गरम गरमच डब्यात भरायची आणि झाकण घट्ट..."

"अगं काय सांगतेस तू त्यांना!"

पडदा सरकवून संग्राम बाहेर आला. बनियन, खांद्यावर पंचा, हातात कालथा. त्याला अप्पा दिसत नव्हते, पाहुणे दिसत नव्हते. कुणीतरी त्याच्या बिस्किटांचा खून करत होतं, एवढंच दिसत होतं.

"दही नाही हो काकू, दह्यानं मऊ पडतात," तो कळवळून बाईंना सांगू लागला. "जवस. आपलं चटणीचं जवस. ते बारीक वाटायचं आणि पाण्यात थोडा वेळ ठेवायचं, अंड्यासारखं चिकट होतं. आणि ओट भिजवायचे नाहीत, कोरडेच भाजायचे. मूठभर सोडा टाकला तर कडूजहर होतील. आणि गरम असताना डब्यात नाही भरायची, वाफेनं सगळी..."

मग त्याला अप्पा दिसले. तो थांबला. कालथा हळूच मागं नेला.

तोडकरीबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बनियन, पंचा, अनवाणी पाय, आणि अप्पांना विचारलं, "हे कोण हो?"

मला वाटलं, सुटलो. आता काय, सांगावंच लागेल. रागावतील, लाजतील, पण सांगतील. माझा मुलगा. दोन शब्द तर आहेत.

अप्पांनी घसा साफ केला.

"आचारी आहे," ते म्हणाले. "आजच्यापुरता बोलावलाय. मदतीला."

मी अप्पांकडं बघतच राहिले. माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. आईच्या तोंडून "अहो" एवढंच निघालं, तेही अर्धं.

"हां, तरीच," तोडकरीबाई सैल होऊन मागं टेकल्या. "तरी म्हटलं, इतकं नेमकं कसं सांगतोय. चांगला आहे हो तुमचा आचारी. लग्नाला ह्यालाच सांगा."

संग्राम उभा होता. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल, कालथा आपटेल, निघून जाईल. मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, माझ्या नेसलेल्या साडीकडं, गजऱ्याकडं. मग संपत आलेल्या ताटलीकडं बघितलं. खांद्यावरच्या पंचाला हात पुसले.

"आणखी आणू का, साहेब?" त्यानं अप्पांना विचारलं.

साहेब! सख्ख्या बापाला. आणि त्यात टोमणा नव्हता हो. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. माझं लग्न ठरावं म्हणून तो पोरगा आपल्याच घरात आचारी व्हायला तयार झाला होता. अप्पांची नजर त्याच्या नजरेला भिडेना. ते खिडकीकडं बघून म्हणाले, "हो, आण."

बस्स. तिथं माझं डोकं फिरलं.

"कुणी काही आणायचं नाही!" मी उठले. "काकू, हा आचारी नाही. हा माझा सख्खा भाऊ आहे, संग्राम. हा पुण्याला नसतो, इथंच असतो, ह्या स्वयंपाकघरात. स्पर्धा परीक्षा देत नाही. ही बिस्किटं त्यानं केलीत, पोहे आईनं केलेत, बर्फी दुकानातली आहे. मी काय केलंय विचारलंत तर मी फक्त साडी नेसलेय, आणि तीसुद्धा आईनं नेसवलीय."

"ऊर्मिले!" अप्पा ओरडले.

"ओरडा. पाहुण्यांसमोर ओरडा. पोटच्या पोराला आचारी म्हणताना आवाज कसा बारीक निघाला तुमचा?"

तोडकरीबाई आईकडं वळल्या. "काय हो, खरं का हे?"

सगळे आईकडं बघू लागले. अप्पासुद्धा. माझी आई आयुष्यात अप्पांच्या शब्दापुढं गेली नव्हती. तिनं काठाच्या चुण्या सोडल्या, उठली, संग्रामच्या हातातला कालथा काढून टीपॉयवर ठेवला. मग त्याचा दंड धरून त्याला सोफ्यावर बसवलं, पाहुण्यांच्या शेजारी, बनियनवरच. आणि ताटलीत उरलेल्यांतलं एक बिस्किट त्याच्या हातावर ठेवलं.

"खा," ती म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

 

बाईंनी पर्स उचलली. "मुलगा असून सैपाकघरात?" त्या हळू आवाजात आईला म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "बरं आहे ना सगळं त्याचं?"

"एकदम बरं आहे," मी म्हणाले. "तुम्ही किती खाल्लीत त्यावरून कळलं नाही का?"

मग काय, उठलेच ते. वडिलांनी जाताना एक बिस्किट खिशात घातलं, ते मी बघितलं. नीलकंठ चपला घालताना माझ्याजवळ थांबला. "तसं माझं काही म्हणणं नाही," तो म्हणाला. "पण आईला विचारावं लागेल."

"विचारा की," मी म्हणाले. "अगदी सावकाश विचारा."

"कळवतो आम्ही," बाई गाडीतून म्हणाल्या. कळवलं त्यांनी. पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं. आमच्यात पत्रिका कोण बघतं, पण तेही म्हणायचं असतं.

घरात आल्यावर अप्पांनी जो तोंडाचा पट्टा सोडला, तो मी इथं सांगत नाही. सगळं खापर संग्रामच्या डोक्यावर. ह्याच्या बिस्किटांपायी बहिणीचं स्थळ मोडलं, नाक कापलं, बार्शीपर्यंत बभ्रा होणार. मी मध्ये पडले, दोघांचाही आवाज चढला. संग्रामनं ताटल्या घासल्या, ओव्हन आतून पुसला, त्याच्यावर कव्हर घातलं. पुण्याचं अप्पांना विचारायचं होतं, तेही त्यानं विचारलं नाही.

सकाळी तो बॅग घेऊन उभा होता. आईच्या पाया पडला, मी नको नको म्हणत असताना माझ्याही पडला. अप्पा ओट्यावर पेपर वाचत होते. तो त्यांच्याही पाया पडला. अप्पांनी पेपर खाली केला. मला वाटतं, आता हा माफी मागेल, मग आपण दोन शब्द सुनावू आणि मिटवून टाकू, असं त्यांच्या मनात असावं.

"येतो, साहेब," संग्राम म्हणाला आणि फाटकाकडं निघाला.

"नाटकं करतो का?" अप्पा मागून ओरडले.

नाटक नव्हतं ते. मलाही सुरुवातीला वाटलं, राग आहे, उतरेल. मी रागीट आहे, ओरडते आणि मोकळी होते. हा पोरगा ओरडलाच नाही. फोन करायचा, आई कशी आहे, साहेबांचं बीपी कसं आहे. दिवाळीला यायचा, अप्पांना वाकून नमस्कार करायचा, औषधं आणून द्यायचा, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून राहिला. कुठं कमी पडला नाही. फक्त ती एक हाक त्याच्या तोंडून पुन्हा आली नाही. आई गेली त्या दिवशीसुद्धा आली नाही. नातेवाईक मला म्हणतात, तू मोठी आहेस, तू समजाव त्याला, म्हातारा आहे तो आता. मी कुणाला समजावत नाही. मला आजही ते "आचारी आहे" आठवलं की कान गरम होतात. ज्याला समजवायचं होतं, त्याला तेव्हा कुणी समजावलं का?

संग्रामची आता पुण्यात स्वतःची बेकरी आहे. परवाच्या पाडव्याला अप्पा स्वतःहून म्हणाले, मला ने, बघायची आहे. मी नेलं. माझा नवरा गाडी चालवत होता, अप्पा पुढं बसले होते, नवी टोपी घालून. बेकरीत गर्दी होती. संग्रामनं आतून खुर्ची आणली, त्यांना पंख्याखाली बसवलं आणि समोर ताटली ठेवली. ओट-चॉकलेटची, नुकतीच गार झालेली.

अप्पांचे हात आता थरथरतात. त्यांनी बिस्किट दोन्ही हातांनी धरलं, हळूहळू सगळं खाल्लं, सांडलेला चुरासुद्धा बोटानं टिपला. मग दुकानात उभी असलेली माणसं ऐकतील एवढ्या मोठ्यानं त्यांनी विचारलं, "संग्राम, बाळा, हे तू केलंस?"

संग्रामनं खांद्यावरच्या पंचाला हात पुसले.

"हो, साहेब," तो म्हणाला. "आणखी आणू का?"